हेडलाइट लावले की इंजिन हिसके देतं: एका जुन्या ओम्नीच्या अर्थिंगचं प्रकरण

गाडी 2009 ची मारुती ओम्नी, पेट्रोल, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी विजेच्या इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी. मागची सीट काढून तिथे मासळीचे क्रेट ठेवलेले. खेडच्या बाजारात मासळी विकणाऱ्या एका काकींची ही गाडी, चालवतो त्यांचा मुलगा. दुपारनंतर निघायचं, हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावात माल घ्यायचा, बर्फात भरायचा आणि काळोख पडता पडता आसूद, दापोली करत खेडला यायचं, असा त्यांचा नेहमीचा फेरा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होती. त्या दोन महिन्यांत गाडी घराशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. ऑगस्टमध्ये धंदा सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ तक्रारही सुरू झाली.

जाताना गाडी लोण्यासारखी जायची. परत येताना मात्र हर्णैहून दापोलीकडे चढ लागला की हिसके द्यायची, पिकअप तुटायचा, आयडलिंगला रेस आपोआप खालीवर व्हायची, मधूनच चेक इंजिनचा दिवा लुकलुकून विझायचा. पाऊस असला तर जास्तच. एकदा चढावर बंदच पडली आणि सेल्फ मारला तर तोही दमल्यासारखा फिरत होता. माल बर्फात, बर्फ वितळतोय आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी. काकींनी माझ्याकडे गाडी आणली तेव्हा त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "भाऊ, ही विकायची की ठेवायची तेवढं सांग."

आधी काय काय बदललं गेलं

माझ्याकडे येण्याआधी गाडी दोन गॅरेजांतून फिरून आली होती. प्लग, प्लगच्या वायरी आणि पेट्रोल फिल्टर नवे टाकलेले. थ्रॉटल बॉडी काढून धुतलेली. थ्रॉटलचा सेन्सर नवा. शेवटी भंगारातून एक ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, आणून लावून बघितला होता. त्यानेही फरक पडला नाही म्हणून जुनाच परत बसवला. वर्षभरापूर्वीच बॅटरी नवी घातली होती आणि ती "धरत नाही" म्हणून डायनॅमोवरही संशय घेतला गेला होता. डायनॅमो खोलून कार्बन बदलले, बेअरिंग बदलले. या सगळ्यात काकींचे मासळीच्या चांगल्या हंगामातले पैसे गेले.

ज्यांनी हे केलं त्यांची मेहनत खोटी नव्हती. मिसिंग (इंजिन अडखळणं) म्हणजे प्लग, पिकअप नाही म्हणजे पेट्रोल, रेस खालीवर म्हणजे थ्रॉटल, हा क्रम हाताला बसलेला असतो. त्याला कारणही आहे. 1984 साली ही व्हॅन बाजारात आली आणि पुढे 1988 साली तिचं नाव ओम्नी झालं, तेव्हा तिच्या इंजिनावर कार्बोरेटर होता आणि पेट्रोल पंप इंजिनाच्याच जोरावर चालणारा. विजेवर चालायचं ते फक्त इग्निशन. अर्थ (म्हणजे बॉडी आणि इंजिनाच्या धातूतून करंटची परतीची वाट) थोडा कमजोर असला तर दिवे मंद व्हायचे, सेल्फ जड व्हायचा, पण एकदा इंजिन चालू झालं की ते आपलं चालत राहायचं. एमपीएफआय गाडीत पेट्रोल टाकीतल्या विजेच्या पंपाने येतं, इंजेक्टर विजेने उघडतात, आणि किती पेट्रोल सोडायचं ते ईसीएम सेन्सरच्या व्होल्टेजवर ठरवतो. इंजिन तेच 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं, पण अर्थ बिघडला तर आता त्याची चाल बिघडते. 2019 मध्ये ओम्नीचं उत्पादन थांबलं. म्हणजे रस्त्यावर आज दिसणाऱ्या बऱ्याच एमपीएफआय ओम्नी दहा-पंधरा वर्षं पावसापाण्यातून गेलेल्या आहेत, आणि त्यांचे अर्थचे बोल्टही तेवढेच जुने आहेत.

एका ठिकाणी अर्थ तपासलाही होता. मीटरचा बझर लावून बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यात आवाज येतो का ते बघितलं. आवाज आला, म्हणून अर्थ ठीक. इथे तपासाची खरी दिशा चुकली, त्यामुळे या बझरबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

तक्रारीची वेळ

गाडी घेऊन लगेच बॉनेट किंवा सीट (ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं) उघडण्यापेक्षा चालवणाऱ्याशी पंधरा मिनिटं बोलण्यावर माझा भर असतो. मुलगा हुशार होता, गाडीकडे लक्ष असणारा. त्याचं म्हणणं, "दादा, लोड असला की त्रास देते. रिकामी असताना काही नाही." दोन्ही गॅरेजांनी हेच धरून चालवलं होतं. लोडवर पिकअप तुटतो म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, हा सरळ हिशेब.

पण या गाडीच्या फेऱ्यात लोड आणि काळोख कायम एकत्रच यायचे. जाताना रिकामी आणि उजेड, येताना भरलेली आणि अंधार. म्हणून मी त्याला विचारलं, कधी भरलेली गाडी उजेडात आणलीस का? त्याला आठवलं. एका दिवशी मालच कमी आला होता, लिलाव लवकर आटपला, जे मिळालं ते दोघातिघांचं मिळून याच्याच गाडीत भरलं आणि दिवस असतानाच तो दापोली चढून आला. गाडी भरलेली, चढ तोच, आणि एकही हिसका नाही.

मग उलटं करून बघितलं. रिकामी गाडी, रात्री, हेडलाइट आणि वायपर चालू ठेवून भरणे नाक्याकडच्या चढावर नेली. हिसके आले. हेडलाइट बंद करून पार्किंगच्या दिव्यावर थोडं अंतर नेली तर कमी झाले, गेले नाहीत. आता पेट्रोलकडून नजर काढून विजेकडे वळवायला पुरेसं कारण होतं.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट दिसली. हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा जरासा वर सरकायचा आणि बंद केला की खाली यायचा. दिवा लावल्याने इंजिन काही क्षणात गरम होत नाही. त्या काट्याची वायर इंजिनावरच्या सेन्सरला जाते आणि सेन्सर आपला अर्थ इंजिनाच्या धातूतूनच घेतो. दिवे लावल्यावर काटा हलतो याचा अर्थ दिव्यांच्या करंटमुळे इंजिन आणि बॉडी यांच्या व्होल्टेजमध्ये फरक पडतोय. दोन्ही एकाच निगेटिव्हला घट्ट जोडलेले असतील तर हा फरक पडायला नको.

तिसरी खूण हाताला लागली. प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलचा कनेक्टर काढून ठेवला, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि मुलाला थोडा वेळ सेल्फ मारायला सांगितलं. मी सीट उचलून ॲक्सिलरेटर केबलच्या आवरणावर बोटं ठेवून बसलो. केबल कोमट झाली. हात लावून नीट बघितलं तर एका जागी काळं प्लास्टिक मऊ होऊन आतल्या गुंडाळीचे आटे वर उमटलेले होते. इंजिनाचा अर्थ तुटका असला की सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने बॉडीकडे जातो, आणि ॲक्सिलरेटर केबल, क्लच केबल या त्याच्या आयत्या वाटा असतात. जुन्या गाडीत केबल जड झाली, आवरण वितळलं असं दिसलं की नवी केबल टाकण्याआधी अर्थ बघावा. नाहीतर नवी केबलही त्याच वाटेने जाते.

मीटर कुठे आणि कधी लावला

आता बझरबद्दल. मल्टीमीटर बझरवर किंवा ओहमवर असतो तेव्हा तो स्वतःच्या छोट्या सेलमधून अगदी थोडा, मिलीअँपियरमधला करंट सोडतो. बारीक तारांची वेणी तुटून एकच तार उरली असेल तरी तेवढा करंट सहज जातो आणि बझर खणखणीत वाजतो. त्याच वायरमधून सेल्फचे शंभर अँपियर जायला लागले की ती एक तार काय करणार? हिशेब साधा आहे. 0.02 ओहम इतका अडथळा मीटरवर शून्यासारखाच दिसतो. पण 100 अँपियरला तोच अडथळा 2 व्होल्ट खातो. बारा व्होल्टच्या गाडीत दोन व्होल्ट म्हणजे सहावा हिस्सा.

म्हणून अर्थ तपासायचा तो करंट वाहत असताना आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, म्हणजे खुद्द शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नाही. लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. चांगल्या गाडीत सेल्फ मारताना इथे 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसायला हवं.

या गाडीत 1.8 दिसलं.

कॉइलचा कनेक्टर परत लावला, इंजिन चालू केलं, हेडलाइट आणि वायपर लावले. मीटर त्याच दोन जागांवर. आता आकडा आला उणे 0.6. उण्याची ती बारीक रेघ मी मुलाला मुद्दाम दाखवली, कारण सगळं प्रकरण तिच्यात आहे. सेल्फ मारताना करंट इंजिनातून बॉडीकडे आणि बॉडीतून बॅटरीकडे जातो, म्हणून इंजिन बॉडीपेक्षा वर. इंजिन चालू झालं की करंट देणारा डायनॅमो असतो, आणि तो इंजिनावर बसलेला. दिवे, वायपर, पेट्रोल पंप, चार्ज होणारी बॅटरी, या सगळ्यांचा करंट बॉडीतून इंजिनाकडे परत येतो, म्हणून इंजिन बॉडीपेक्षा खाली. दोन्ही वेळा वाट एकच, फक्त दिशा उलटी. आणि दोन्ही वेळा त्या वाटेवर कोणीतरी व्होल्टेज खातंय.

हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून, क्लच अर्धा सोडून इंजिनावर किंचित जोर दिला. इंजिन आपल्या रबरांवर एका बाजूला कलंडलं आणि मीटरवरचा आकडा उडाला, दोनच्याही पुढे जाऊन परत आला. चढावरच का त्रास, याचं उत्तर इथे मिळालं. चढावर इंजिन जोर लावतं, जोर लावताना रबरावर वळतं, वळलं की अर्थची पट्टी, म्हणजे इंजिन बॉडीला जोडणारी लवचीक तार, ताणली जाते.

डायनॅमोचाही निकाल इथेच लागला. डायनॅमोच्या आउटपुट बोल्टवर एक प्रोब आणि त्याच्या स्वतःच्या अंगावर दुसरा ठेवला तर 14.2 व्होल्ट. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खुंट्यांवर 13.4. मधले 0.8 गेले कुठे? पॉझिटिव्ह वायरीत 0.2, अर्थच्या बाजूला 0.6. डायनॅमो आपलं काम चोख करत होता आणि बॅटरी मात्र अर्धपोटी राहत होती.

आकड्याचा माग काढत खाली गेलो. सेल्फ मारत ठेवून एकेक टप्पा मोजला. बॅटरीची खुंटी ते क्लॅम्प 0.02. क्लॅम्प ते बॉडीवरचा बोल्ट 0.05. बॉडीचा उघडा पत्रा ते इंजिनाच्या अर्थ पट्टीचं बॉडीकडचं टोक, 1.1. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 0.5. पट्टीचं दुसरं टोक ते गिअरबॉक्स 0.1. म्हणजे मोठा चोर पट्टी जिथे बॉडीला बसते तिथे, आणि त्याच्या जोडीला खुद्द पट्टी.

तोडफोड करण्याआधी एक पडताळणी केली. बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सच्या बोल्टपर्यंत जाड जंपर केबल सरळ लावली आणि सगळे दिवे लावून इंजिन चालू केलं. टेंपरेचरचा काटा हलला नाही. हेडलाइट डोळ्याला जाणवेल इतके उजळले. आयडलिंग एका जागी स्थिर झालं. ती केबल काढली की सगळं परत सुरू. मुलगा स्वतः दोन-तीनदा केबल लावून-काढून बघत होता.

खाली काय सापडलं

पट्टी तांब्याच्या वेणीची होती. वरून अख्खी दिसत होती, मातीने आणि काळ्या लेपाने माखलेली. बॉडीकडचा बोल्ट सोडवला आणि लग, म्हणजे पट्टीच्या टोकाचा भोक असलेला चपटा धातूचा तुकडा, उचलला, तर लगच्या खाली पत्रा नव्हताच. खाली होता काळ्या अंडरबॉडी कोटिंगचा थर, त्याच्याखाली गंज, आणि गंजाच्या कडेने हिरवट-पांढरी पूड. काही वर्षांपूर्वी गाडी खालून रंगवून घेतली होती. रंगवणाऱ्याने पट्टी सोडवून सगळीकडे लेप मारला आणि पट्टी लेपावरच आवळली. इतकी वर्षं करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांतून. लगजवळ वेणी वाकवून बघितली तर बहुतेक तारा आत तुटलेल्या, बोटाने चुरा होणाऱ्या.

आता यात मासळीचा भाग. क्रेटमधला बर्फ वितळतो, ते पाणी मासळीला लागलेल्या समुद्राच्या पाण्याने खारं होतं, ते फ्लोअरवर सांडतं आणि पत्र्याच्या सांध्यांतून खाली ठिबकतं. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. तांब्याचा लग आणि लोखंडी पत्रा असे दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मधे खारं पाणी, म्हणजे लोखंड झिजवणारा एक छोटा सेलच तयार होतो. गाडी रोज चालते तोवर इंजिनाच्या उष्णतेने ती जागा थोडी वाळत राहते. बंदीच्या दोन महिन्यांत भर पावसात, ताडपत्रीखाली, ओल्या हवेत गाडी उभी राहिली आणि उरलीसुरली आट्यांची पकडही गंजली. तक्रार ऑगस्टमध्येच का सुरू झाली ते मला यातून समजलं.

मागेही तेच होतं. पेट्रोल पंपाची अर्थची काळी वायर मागच्या फ्लोअरखाली ज्या स्क्रूवर बसवलेली होती, तो स्क्रू नखाने सुटेल असा कुजलेला. तिथे पंप चालू असताना एकट्या त्या जोडावर 1.6 व्होल्ट जात होते.

इंजिनावर परिणाम कसा होत होता

ईसीएमच्या अर्थच्या वायरी या गाडीत इंजिनावर बसलेल्या आहेत. त्या मोजल्या, 0.03 व्होल्ट, उत्तम. मग ईसीएम का गोंधळत होता? हा प्रश्न मला स्वतःला सोडवल्याशिवाय गाडी सोडायची नव्हती, कारण नुसतं "अर्थ टाइट केला, गाडी बरी झाली" एवढ्याने पुढच्या गाडीत काही उपयोग होत नाही.

दोन गोष्टी एकत्र होत होत्या. पहिली पेट्रोलची. डायनॅमोचे 14.2, त्यातले 0.6 इंजिन-बॉडीच्या पट्टीत गेले, पॉझिटिव्ह वायर आणि रिलेमध्ये साधारण अर्धा, पंपाच्या स्वतःच्या अर्थवर 1.6. पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावला तर साडेअकरा. इंजिन वळून पट्टी ताणली की दहाच्याही खाली. पंपाची मोटर व्होल्टेजवर धावते, व्होल्टेज पडलं की ती हळू फिरते. प्रेशर गेज लावून ठेवला होता. दिवे बंद असताना अडीच किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) वर असलेला काटा हेडलाइट लावून इंजिनावर जोर दिला की दोनकडे उतरत होता. चढावर इंजिनाला जास्त पेट्रोल हवं, नेमकं तेव्हाच कमी. पहिल्या दोन गॅरेजांना पेट्रोल कमी पडतंय असं वाटलं ते चूक नव्हतं. कमी का पडतंय हे शोधायचं राहिलं होतं, इतकंच.

दुसरी गोष्ट ईसीएमच्या पुरवठ्याची. डायनॅमोला व्होल्टेज स्थिर ठेवायला बॅटरीची साथ लागते. पट्टी क्षणभर सुटली की डायनॅमो आणि बॅटरी एकमेकांपासून तुटतात. डायनॅमोचा रेग्युलेटर तेवढ्यात सावरू शकत नाही, व्होल्टेज उडी मारतं, पडतं, परत उडी मारतं. ईसीएम आणि कॉइल दोन्ही इंजिनाच्या बाजूचे, त्यामुळे हा हेलकावा थेट त्यांच्यावर. ईसीएमच्या पुरवठ्यावर मीटर किमान-कमाल नोंदवत ठेवून इंजिनावर जोर दिला, तर किमान 11.2 आणि कमाल 16.3 मिळालं. साधा मीटर संथ असतो, खऱ्या उड्या याहून मोठ्या असणार. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा आणि स्कॅन केल्यावर बिघाडाचा ठाम कोड मिळायचा नाही, तो यामुळे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल उपसायचा आणि गाडी बंद पडते का बघून डायनॅमो तपासायचा, ही पद्धत अजून अनेक ठिकाणी सर्रास चालते. या गाडीतली सुटकी पट्टी जे नकळत करत होती, तेच आपण हाताने करतो. कार्बोरेटरच्या गाडीत खपून गेलं. ईसीएमच्या गाडीत एका उपसण्यात ईसीएम जाऊ शकतो, आणि जुन्या ओम्नीचा चांगला ईसीएम आता भंगारातच शोधावा लागतो. डायनॅमो तपासायला मीटर पुरतो.

दुरुस्ती

सामान फार लागलं नाही. बॉडीकडची जागा वायर ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासली, लगपेक्षा थोडी मोठी. गंज खोल असल्याने जुनं भोक सोडून शेजारच्या जाड पत्र्यावर नवीन बोल्ट घेतला. 25 स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचीक केबल, दोन्ही टोकांना कलई केलेले लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. पत्रा आणि लग यांच्यामध्ये दातेरी वॉशर. केबलला मुद्दाम वळण ठेवलं, म्हणजे इंजिन कितीही कललं तरी ती ताणली जाणार नाही. बोल्ट पक्का आवळून झाल्यावर, त्याआधी नाही, वरून पेट्रोलियम जेली आणि त्यावर रंग. लेप हवा तो जोडावर, जोडाच्या आत नको. हीच उलटापालट गाडी रंगवताना झाली होती.

पंपाचा अर्थ नव्या वायरने वर, पाणी न साचणाऱ्या जागी घेतला. ईसीएमचे अर्थ चांगले होते, पण बोल्ट सोडवून, पुसून परत आवळले. ॲक्सिलरेटर केबल बदलली.

काही जण अशा वेळी जुना जोड तसाच ठेवून बॅटरीपासून इंजिनापर्यंत एक जादा वायर ओढतात आणि काम झालं म्हणतात. तपासणीसाठी मीही तेच केलं होतं. पण कायमची दुरुस्ती म्हणून ते मला पटत नाही. कुजलेला जोड आत कुजतच राहतो, आणि पुढे कधी ती जादा वायर सुटली की गाडी परत आसूदच्या चढावर उभी.

काम झाल्यावर तीच मोजणी परत केली. सेल्फ मारताना बॅटरी ते इंजिन 0.15. इंजिन चालू, सगळे दिवे लावून, 0.04. पंपाच्या कनेक्टरवर साडेतेरा. बॅटरीच्या खुंट्यांवर 14 च्या जवळ. प्रेशरचा काटा दिव्यांनी हलेना. रात्री पाऊस लागला होता. मुलाने गाडीत वाळूची पोती भरली आणि आम्ही हेडलाइट, वायपर सगळं लावून दापोलीपर्यंत चढून आलो. एकही हिसका आला नाही.

नंतर

काकींनी गाडी ठेवली. क्रेटखाली आता कडा वळवलेला प्लास्टिकचा मोठा ट्रे आहे, त्याला एका कोपऱ्यात नळी, ती दरवाजाबाहेर काढलेली, म्हणजे खारं पाणी फ्लोअरवर येत नाही. फेरी झाली की फ्लोअर गोड्या पाण्याने धुवायचा. मुलाने स्वतःचा एक साधा मल्टीमीटर घेतला आणि मी त्याला दोनच जागा शिकवल्या: सेल्फ मारताना बॅटरीची निगेटिव्ह खुंटी ते इंजिन, आणि इंजिन चालू असताना तेच, हेडलाइट लावून. आकडे तो डॅशबोर्डच्या आत चिकटवलेल्या कागदावर तारखेसकट लिहितो. दिवाळीनंतर एकदा गाडी दाखवायला आणली तेव्हा आकडे जवळपास तेच होते.

एक काम बाकी आहे. मागच्या फ्लोअरचा पत्रा दोन ठिकाणी पार गेलाय, तो कापून नवा वेल्ड करावा लागेल. पुढच्या बंदीच्या काळात करायचं ठरलंय. वेल्डिंगवाल्याकडे गाडी देण्याआधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि ईसीएमचे कनेक्टर काढून ठेवायचे, वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प कापलेल्या पत्र्याच्या अगदी शेजारी लावायचा, आणि रंगाचा हात फिरण्याआधी माझ्याकडे फोन करायचा, एवढं मुलाला सांगून ठेवलंय. रंगवताना अर्थच्या दोन्ही जागांवर चिकटपट्टी लावून ठेवायला मी स्वतः जाणार आहे.